परदेशी विद्यापीठांत एखाद्या देशाचा अभ्यास होतो, त्याने त्या देशाची प्रतिमा खरंच बदलते का?

अनघा_मिरज

नमस्कार मंडळी. मी राज्यशास्त्रात एमए करतेय, दुसरं वर्ष. सेमिनारला सॉफ्ट पॉवर (म्हणजे सैन्य किंवा पैशाच्या जोरावर नाही, तर संस्कृती, शिक्षण यांच्या आकर्षणातून पडणारा देशाचा प्रभाव) हा विषय आहे आणि माझ्या वाट्याला एरिया स्टडीज आलंय. म्हणजे परदेशी विद्यापीठांत एखाद्या देशाची भाषा, इतिहास, समाज, राजकारण असा सगळा मिळून जो अभ्यास चालतो तो. साउथ एशिया डिपार्टमेंट, जपान सेंटर, आफ्रिका इन्स्टिट्यूट वगैरे.

वाचतेय तसतसा गोंधळ वाढतोय. एकीकडे एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये मांडलेलं, की पूर्वेकडच्या देशांचा अभ्यास हा साम्राज्याच्या सावलीतच वाढला आणि त्यातून जी प्रतिमा तयार झाली ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिली. दुसरीकडे आमचे सर म्हणतात की विद्यापीठातल्या प्रबंधांचा सामान्य माणसाच्या मतावर काडीचाही परिणाम होत नाही, लोकांना परका देश कळतो तो सिनेमावरून, बातम्यांवरून, नाहीतर ऑफिसात शेजारी बसणाऱ्या माणसावरून. मला दोन्ही पटतं आणि तिथेच अडते.

थिअरी नकोय, ती लायब्ररीत आहे. एखाद्या देशाचं असं उदाहरण हवंय की ज्यात दिसेल, हे लोक होते, त्यांनी हे केलं, त्यामुळे हे बदललं किंवा नाही बदललं. इथे बाहेर राहिलेले, भाषा शिकवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. भारताबद्दल असेल तर उत्तमच, पण दुसऱ्या देशाचंही चालेल.

मेधा_जपानी

अनघा, जपानचं घे. मी पुण्यात जपानी शिकवते आणि भाषांतरं करते, त्यामुळे या माणसांबद्दल बरीच वर्षं वाचत आलेय, आणि तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू या एकाच गोष्टीत दिसतात.

सगळं सुरू होतं युद्धातून. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा अमेरिकेत जपानी वाचता येणारी माणसं, म्हणजे मूळचे जपानी कुटुंबातले सोडून, अगदी मोजकी होती. नौदलाने कोलोरॅडोतल्या बोल्डरला जपानी भाषेची शाळा चालवली, कॉलेजातली हुशार पोरं निवडून त्यांच्याकडून ती भाषा अक्षरशः घोकून घेतली, हेतू एवढाच की शत्रूची कागदपत्रं वाचता यावीत आणि कैद्यांशी बोलता यावं. त्याच सुमारास सरकारच्या युद्ध-माहिती खात्याने रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना जपानी माणूस असा का वागतो याचा अभ्यास करायला लावलं. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या, भाषा येत नव्हती, अमेरिकेत राहणाऱ्या जपानी लोकांच्या मुलाखती आणि जुने सिनेमे-पुस्तकं एवढ्यावर त्यांनी लिहिलं, १९४६ ला पुस्तक बाहेर आलं आणि जपानी माणूस म्हणजे लाजेला आणि उपकाराच्या ओझ्याला बांधलेला माणूस ही प्रतिमा त्यातून अशी काही पक्की झाली की आजही कंपन्यांमधल्या ‘जपान्यांशी कसं वागावं’ छापाच्या ट्रेनिंगमध्ये मला तीच ऐकू येते, ती कुठून आलीय हे शिकवणाऱ्यालाही माहीत नसतं. खुद्द जपानमध्येही ते पुस्तक भरपूर खपलं. म्हणजे सैद म्हणतात ते इथे लागू पडतं.

पण बोल्डरच्या शाळेतली ती पोरं पुढे काय करतात बघ. डोनाल्ड कीन आणि एडवर्ड सायडेनस्टिकर, दोघेही तिथलेच. युद्ध संपलं, सरकारला त्यांची गरज उरली नाही, पण भाषा त्यांच्या अंगात भिनली होती. कीन कोलंबिया विद्यापीठात पन्नासहून जास्त वर्षं जपानी साहित्य शिकवत राहिले. सायडेनस्टिकरनी कावाबातांच्या कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या आणि १९६८ ला कावाबातांना नोबेल मिळालं, जपानी लेखकाला मिळालेलं पहिलं साहित्याचं नोबेल, आणि त्यातलं अर्धं श्रेय कावाबातांनी स्वतः या भाषांतरकाराला दिलं. कॉलेजात जाणाऱ्या अमेरिकन मुलाच्या डोक्यात १९४५ मध्ये जपान म्हणजे दात विचकलेला शत्रूचा कार्टूनमधला चेहरा होता आणि वीस-पंचवीस वर्षांत त्या जागी बर्फ, चहा, कविता, बाग असं काहीतरी आलं, यात या चार-दोन माणसांचा वाटा खूप मोठा आहे असं मी ठामपणे म्हणेन.

आणि तिसरा माणूस एडविन रायशॉवर. टोकियोतच १९१० ला जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा, हार्वर्डमध्ये जपान अभ्यास उभा करणाऱ्यांतला एक, पत्नी हारू मात्सुकाता या जपानच्या माजी पंतप्रधानांची नात. १९६० ला जपानमध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध प्रचंड निदर्शनं झाली आणि त्यानंतर केनेडींनी १९६१ ला याच प्राध्यापकाला राजदूत म्हणून टोकियोला पाठवलं, १९६६ पर्यंत ते तिथे होते. राजदूत दुभाष्याशिवाय जपानीत बोलतोय याचं तिथल्या लोकांना किती अप्रूप वाटलं असेल. तर अभ्यासकाचा परिणाम हा असा असतो, थेट जनतेवर नाही, पण निर्णय घेणाऱ्यांवर आणि शिक्षकांवर आणि पुस्तकं निवडणाऱ्यांवर.

आता याची हद्द कुठे संपते तेही लिहिते, नाहीतर फार गुलाबी चित्र होईल. ऐंशीच्या दशकात जपानी गाड्यांनी डेट्रॉइटचे कारखाने अडचणीत आणले आणि चाळीस वर्षांचा हा सगळा अभ्यास कुणाच्याच कामी आला नाही. १९८२ ला डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या तरुणाला बेदम मारहाण झाली आणि तो गेला, तो जपानी नव्हताच, चिनी वंशाचा अमेरिकन होता. १९८७ ला अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांनी संसदेसमोर हातोडे घेऊन तोशिबाचा रेडिओ फोडला, फोटोग्राफर बोलावून. तेव्हा अमेरिकेत जपान अभ्यासाची उत्तमोत्तम डिपार्टमेंट्स होती. पोटावर आलं की लोक कादंबऱ्या आठवत नाहीत.

ग्रंथालय_शिकागोकडचा

मेधाताईंनी जपानचं फार छान मांडलंय, विशेषतः शेवटचा परिच्छेद. मी भारताची बाजू लिहितो. मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करतो, दक्षिण आशियाई पुस्तकांच्या विभागात, त्यामुळे हा इतिहास रोज हाताखालून जातो.

अनघा, तुला पीएल ४८० हे नाव घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असेल. अमेरिकेचा १९५४ चा कायदा, त्याखाली भारतात गहू यायचा, रेशनवरचा तो लाल गहू. गाजर गवत त्याच गव्हातून आलं असं गावाकडे अजून सांगतात. या गव्हाचे पैसे भारत डॉलरमध्ये नाही तर रुपयांत द्यायचा आणि ते रुपये भारताबाहेर नेता यायचे नाहीत. एवढ्या साठलेल्या रुपयांचं करायचं काय, तर त्यातला एक हिस्सा पुस्तकांकडे वळवला. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसने भारतात सगळ्या भाषांत जे काही छापलं जातंय त्यातलं निवडून एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती घेतल्या आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवल्या. हिंदी, तमिळ, बंगाली, मराठी, उर्दू, सगळं. साठ-सत्तरच्या दशकातली मराठी पुस्तकं जी आपल्या तालुक्याच्या वाचनालयात वाळवीने खाल्ली ती मला इथे तापमान सांभाळलेल्या स्टॅकमध्ये धडधाकट सापडतात. रुपयांचा तो साठा ऐंशीच्या दशकात संपला, पण दिल्लीचं ऑफिस आजही चालू आहे, आता पैसे लायब्ऱ्याच भरतात.

याला जोडून १९५८ चा कायदा. १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला वाटलं आपण मागे पडलो, मग नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अॅक्ट आला, त्याच्या टायटल सिक्समधून परदेशी भाषांना पैसा मिळू लागला. नावातच डिफेन्स आहे, लपवलेलं काही नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठात तर नॉर्मन ब्राऊन यांनी १९४८ लाच दक्षिण आशियाचं डिपार्टमेंट सुरू केलं होतं, हे संस्कृतचे मोठे पंडित. १९६१ ला त्यांच्याच पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज निघाली आणि तिचं सुरुवातीचं ऑफिस कुठे होतं, तर पुण्यात, डेक्कन कॉलेजात.

आता प्रतिमेचा प्रश्न. इथे मला जपान आणि भारत यांच्यात एक मोठा फरक दिसतो आणि तो तुझ्या सेमिनारला उपयोगी पडेल. जपानकडे अमेरिकन विद्यापीठं गेली ती मुख्यतः साहित्य आणि कला यांच्या वाटेने. भारताकडे दोन वाटांनी गेली. एक जुनी, संस्कृत-वेद-उपनिषदांची, ती जर्मनीतून आलेली, मॅक्स म्युलर वगैरे, आणि मॅक्स म्युलर आयुष्यात भारतात आले नव्हते. दुसरी पन्नासच्या दशकातली, मानववंशशास्त्रज्ञांची, गावात जाऊन राहायचं आणि जात, नातेसंबंध, विकास यांचा अभ्यास करायचा. शिकागोचं विद्यापीठ या दुसऱ्या वाटेचं मोठं केंद्र होतं. त्यामुळे अमेरिकन शिकलेल्या माणसाच्या डोक्यात भारत म्हणजे एकतर ऋषिमुनी नाहीतर खेडं आणि जात. मधला भारत, म्हणजे गिरणी कामगार, नाटकवाले, वकील, शाळामास्तर, शहरातली भाडेकरू कुटुंबं, हा खूप उशिरापर्यंत त्या चित्रात आलाच नाही. कुणी खोटं लिहिलं असं नाही, बरीचशी कामं अतिशय मेहनतीची आहेत, पण कुठला प्रश्न विचारायचा हे ज्याने ठरवलं त्याने चित्रही ठरवलं. आमच्या स्टॅकमध्ये मराठी कादंबऱ्या कपाटभर होत्या आणि आहेत, पण त्या वाचून इंग्रजीत आणणारा सायडेनस्टिकर मराठीला मिळाला नाही, निदान त्या ताकदीचा आणि त्या संख्येने नाही.

आणि हे सगळं जनतेपर्यंत पोचतं कुठून, तर शाळेच्या पुस्तकातून. कॅलिफोर्नियात २००५-०६ ला सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांत प्राचीन भारत कसा लिहायचा यावरून मोठा वाद झाला. हिंदू संघटना एका बाजूला, विद्यापीठातले संस्कृतचे आणि इतिहासाचे प्राध्यापक दुसऱ्या बाजूला, दलित संघटनाही बोलल्या. बाजू कुणाची बरोबर यात मी इथे शिरत नाही, पण सहावीतली लाखो मुलं काय वाचणार हे ठरवताना शिक्षण मंडळासमोर प्राध्यापकांची सही असलेलं पत्र जातं आणि त्याला वजन असतं. तुझ्या सरांना हे जरूर सांग.

रवी_डोंबिवली

सगळं वाचलं, माहिती जबरदस्त आहे, पण मी अनघाच्या सरांच्या बाजूने आहे आणि नीट कारण देऊन सांगतो.

तुम्ही सगळे धरून चाललाय की आधी अभ्यास आणि मग प्रतिमा. मला उलटं दिसतं. आधी प्रतिमा, मग अभ्यास. कोरिया बघा. अमेरिकेत कॉलेजांमध्ये परदेशी भाषा शिकणाऱ्यांची मोजणी मॉडर्न लँग्वेज असोसिएशन करते. २०१६ ते २०२१ या काळात सगळ्या परदेशी भाषा मिळून विद्यार्थी साधारण १६-१७ टक्क्यांनी घटले, फ्रेंच घटली, जर्मन घटली, आणि कोरियन मात्र सुमारे ३८ टक्क्यांनी वाढली. हे काय कोरियाच्या इतिहासावर कुणी प्रबंध लिहिला म्हणून झालं का? गाणी आणि सिरियलींमुळे झालं. पोरं आधी स्क्रीनवर प्रेमात पडली, मग वर्गात जाऊन बसली, मग विद्यापीठाने शिक्षक नेमले. मेधाताई, तुमच्या क्लासला पोरं येतात ती कावाबाता वाचून येतात का अॅनिमे बघून, खरं सांगा. माझी भाची नारुतो बघून जपानी शिकायला लागली आणि आज जपानी भाषेच्या परीक्षेची एन थ्री ही पातळी पास आहे.

भारताचंही तसंच. अमेरिकेत, जर्मनीत आज भारताबद्दल जे काही बरं मत आहे ते तिथे काम करणाऱ्या इंजिनियर-डॉक्टर-नर्सेसमुळे आणि योगाच्या क्लासमुळे आहे. आणि जे वाईट आहे ते बातम्यांमुळे. मी स्वतः ऑनसाइटला जर्मनीत राहून आलोय, टीममधल्या एकानेही कुठल्या इंडॉलॉजिस्टचं, म्हणजे भारताच्या अभ्यासकाचं, नाव घेतलं नाही, त्यांना भारत माहीत होता तो आमच्या डब्यातल्या भाजीवरून आणि आम्ही डेडलाइन पाळतो की नाही यावरून.

मेधा_जपानी

रवी, बरोबर आहे, माझ्याकडे निम्म्याहून जास्त मुलं अॅनिमेमुळेच येतात आणि बाकीची नोकरीसाठी. पण येऊन टिकतात ती कशावर? पाठ्यपुस्तक, शब्दकोश, व्याकरण, चांगली भाषांतरं, शिकवायला तयार झालेले शिक्षक. हे सगळं अॅनिमेच्या लाटेच्या कितीतरी आधी कुणीतरी शांतपणे करून ठेवलं होतं. कोरियाचंही पाहा, कोरिया फाउंडेशन १९९१ ची, म्हणजे गाण्यांची लाट जगभर जायच्या बरीच आधी परदेशी विद्यापीठांना कोरियन शिकवायला पैसे देत होती. लाट आली तेव्हा वर्ग तयार होते. वर्ग नसते तर ती पोरं सहा महिने सबटायटल बघून दुसरीकडे वळली असती. तुमची भाचीसुद्धा एन थ्रीपर्यंत पोचली ती कुणीतरी लिहून ठेवलेल्या पुस्तकांवर ना?

सुलभा_फलटण

मला महाराष्ट्राबद्दल लिहायचंय, कारण वरच्या चर्चेत मराठीला भाषांतरकार मिळाला नाही एवढंच आलं आणि ते अर्धंच आहे. साहित्याच्या बाबतीत ते खरं असेल. पण महाराष्ट्राचा समाज परदेशात कसा कळला, हे ज्या माणसांमुळे झालं त्यांची नावं इथे यायलाच हवीत.

एलिनॉर झेलियट. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजमध्ये शिकवायच्या. साठच्या दशकात त्या महाराष्ट्रात आल्या, आंबेडकरी चळवळीतल्या माणसांना भेटल्या, वस्त्यांमधून हिंडल्या, मराठी पत्रकं-मासिकं वाचली आणि १९६९ ला पेनसिल्वेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यावर प्रबंध दिला. त्या काळात भारतातल्या विद्यापीठांतही बाबासाहेबांवर गंभीर अभ्यास फार थोडा होत होता. अमेरिकेत तर भारत म्हणजे गांधी आणि नेहरू. ज्या देशात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब १९१३ ला शिकायला गेले तिथल्या अभ्यासकांनासुद्धा त्यांची ओळख नीट करून द्यावी लागली आणि ते काम या बाईंनी जन्मभर केलं, २०१६ ला त्या गेल्या. त्यांच्या मागून गेल ऑम्वेट आल्या, बर्कलीहून, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला, आणि इथल्याच झाल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या, मोर्च्यांत चालल्या, १९८३ ला भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ ला तिथेच त्यांचं निधन झालं. वसंत मून यांच्या आत्मकथनाचं इंग्रजी गेलताईंनी केलं आणि प्रस्तावना झेलियटबाईंची. आज परदेशात कुठेही जातीबद्दल बोलताना फुले आणि आंबेडकर ही नावं येतात, पूर्वी तिथे फक्त जातीची उतरंड सांगितली जायची, ती मोडायला उठलेली माणसं दिसत नव्हती. ही प्रतिमा बदलणं नाही तर काय?

काही लोकांना हे आवडत नाही, ते म्हणतात बाहेरच्यांनी आमची धुणी का धुवावीत. मला तसं वाटत नाही. एखाद्या देशाची चांगली प्रतिमा म्हणजे त्याच्यातलं दुःख झाकलेली प्रतिमा, हे मला मान्यच नाही.

आता आमच्या गावाच्या मॅक्सीनमावशी. मॅक्सीन बर्नसन. याही पेनसिल्वेनियाच्याच, फलटणच्या मराठीवर प्रबंध केला आणि फलटणलाच राहिल्या. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठी शिकायची पुस्तकं जाई निंबकरांबरोबर तयार केली, बाहेरून मराठी शिकायला आलेल्या कितीतरी अभ्यासकांचा हात याच पुस्तकांनी धरलाय. आणि मग त्यांनी इथल्याच गरीब वस्तीतल्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं या कामाला वाहून घेतलं, प्रगत शिक्षण संस्था, कमला निंबकर बालभवन, सगळं त्यातूनच उभं राहिलं. १९७८ ला त्या भारतीय नागरिक झाल्या.

जर्मनीत गुंथर सोन्थायमर. हायडेलबर्गला साउथ एशिया इन्स्टिट्यूट १९६२ ची, तिथे ते होते. रवीने जर्मनीत इंडॉलॉजिस्टचं नाव ऐकलं नाही म्हणतो, पण हा माणूस धनगरांबरोबर रानोमाळ हिंडलाय, खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या ओव्या आणि जत्रा यांची नोंद करत. १९९२ ला गेले. महाराष्ट्रातल्या मेंढपाळांच्या देवांवर जगात कुणाला काही वाचायचं असलं तर आजही सोन्थायमरपासूनच सुरुवात करावी लागते. तिकडे अॅरिझोनात अॅन फेल्डहाउस, महानुभाव वाङ्मयावर काम. ही सगळी माणसं एकमेकांना भेटावीत म्हणून महाराष्ट्रावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदा सुरू झाल्या, पहिली टोरांटोला १९८४ मध्ये.

हे वाचणारे किती, तर थोडेच. पण न्यूयॉर्कच्या एखाद्या पत्रकाराला वारीवर किंवा भीमा कोरेगाववर लिहायचं असतं तेव्हा तो फोन कुणाला करतो? याच लोकांच्या विद्यार्थ्यांना. त्यांनी अभ्यास केलाच नसता तर त्याने गूगलवर जे पहिलं सापडलं ते छापलं असतं.

अनघा_मिरज

सुलभाताई, तुमचा रिप्लाय मी दोनदा वाचला. झेलियट यांचं नाव माहीत होतं पण हा सगळा धागा एकत्र कधी कुणी सांगितला नव्हता. मी कासेगावपासून फार लांब राहत नाही आणि गेलताईंच्या संशोधनाची सुरुवात बर्कलीत झाली हे आत्ता कळतंय.

एक पुढचा प्रश्न. मग सरकारने ठरवून पैसे ओतले तर होतं का? म्हणजे परदेशी विद्यापीठांत अध्यासनं काढायची, आपल्याला हवी तशी प्रतिमा तयार करायची. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांचं तेच मत आहे, की चीन करतो तर आपण का नाही.

ग्रंथालय_शिकागोकडचा

पैसे लागतातच, पैशाशिवाय भाषा शिकवता येत नाही. पण कसे दिले यावर सगळं अवलंबून आहे.

चीनने २००४ पासून कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट काढल्या, विद्यापीठाच्या आतच जागा, शिक्षक आणि पुस्तकं चीनकडून. अमेरिकेत एका काळी त्या शंभराच्या आसपास होत्या, २०२३ पर्यंत पाचसुद्धा उरल्या नाहीत. अमेरिका-चीन संबंध बिघडले हे मोठं कारण आहेच, पण तैवान, तिबेट हे विषय तिथे टाळले जातात ही तक्रार सुरुवातीपासून होती आणि एकदा हे मनात बसलं की तिथला भाषेचा साधा वर्गही लोकांना प्रचार वाटायला लागतो. याच्या शेजारी जपानचं ठेवा. १९७३ ला पंतप्रधान तानाका यांच्या सरकारने अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांना प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले, कायमचा निधी म्हणून. त्याच्या व्याजावर काय शिकवायचं, कुणाला नेमायचं हे विद्यापीठांनी ठरवायचं. त्या पैशावर जपानवर टीका करणारी कामंही झाली असणार, आणि जपानने ती होऊ दिली. माझ्या मते त्यातच शहाणपण आहे, कारण ज्या अभ्यासकाला टीका करायची मोकळीक आहे त्याने काही चांगलं लिहिलं तर लोक त्यावर विश्वास ठेवतात.

आपली आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, १९५० ची आहे, मौलाना आझादांनी सुरू केलेली, तीही परदेशात अध्यासनं चालवते. ती माणसं पाठवते ते चांगलंच आहे, पण पाहुणा प्राध्यापक एक-दोन वर्षांत परत जातो. बोल्डरची पोरं परत गेली नाहीत, म्हणून फरक पडला. इथे आज मराठी नियमितपणे शिकवणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि एखाद्या ठिकाणचा शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरली जाईल याची खात्री नसते. टायटल सिक्सच्या पैशातही २०११ ला मोठी कपात झाली, तेव्हापासून कमी विद्यार्थी असलेल्या भाषांवर कायम टांगती तलवार आहे. माझ्या हाती असतं तर नवीन अध्यासनाऐवजी मराठीच्या एका कायमच्या शिक्षकाचा पगार उभा केला असता.

सुलभा_फलटण

अनघा, यात अजून एक बाब घाल. आपण इथे अभ्यासकांशी कसं वागतो यावरूनही प्रतिमा ठरते. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. एका अमेरिकन प्राध्यापकाने शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात जे लिहिलं होतं त्याने माणसं मनापासून दुखावली होती, मलाही ते मजकूर म्हणून अजिबात मान्य नव्हतं. पण ते पुस्तक परदेशात किती लोकांनी वाचलं असतं? हस्तलिखितं विस्कटलेल्या, कपाटं फोडलेल्या भांडारकरची बातमी मात्र जगभर गेली. चुकीच्या लिखाणाला उत्तर म्हणून आपल्याकडे केवढं साहित्य आहे, मोडी कागद आहेत, बखरी आहेत, ते वाचून इंग्रजीत उत्तर देणारी माणसं तयार करायला हवी होती. पुढच्या अभ्यासकाने महाराष्ट्र सोडून दुसरा विषय घेतला तर नुकसान आपलंच.

रवी_डोंबिवली

सुलभाताई, यावर शंभर टक्के सहमत.

आणि मेधाताईंचा मुद्दा मला पटला, वर्ग तयार असायला लागतात. आमच्या घरी लहानपणी मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं होती, रादुगा आणि प्रगती प्रकाशनाची, जाड कागद, सुंदर चित्रं, किंमत अगदी किरकोळ. माझ्या वडिलांना कम्युनिझमशी काही देणंघेणं नव्हतं, पण रशिया म्हटलं की आम्हा भावंडांना आजही बर्फातलं लाकडी घर आणि अस्वल आठवतं आणि मनात प्रेमच येतं. म्हणजे मॉस्कोत मराठी जाणणारी माणसं बसवलेली होती, त्याशिवाय हे झालं नसतं. सरकारचा हेतू प्रचाराचा होता हे नक्की, ते सरकारही गेलं, देशही गेला, आमच्यावरचा परिणाम राहिला.

तरी माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही, बहुसंख्य लोकांचं मत या वाटेने बनत नाही. अनघा, तू सेमिनारमध्ये दोन वेगळे प्रश्न कर. लोकांना देश आवडतो का नाही, हा एक. आणि लोकांना तो देश किती खोलात कळतो, हा दुसरा. पहिल्यात सिनेमा आणि बातम्या जिंकतात, दुसऱ्यात तुमची ही मंडळी.

अनघा_मिरज

रवीदादा, हे दोन प्रश्न वेगळे करणं मला फार उपयोगी पडणार आहे, मांडणीच त्यावर करते. जपान मुख्य उदाहरण घेते आणि त्याच्या जोडीला झेलियट-ऑम्वेट. मेधाताई, बोल्डरच्या शाळेबद्दल अजून वाचायचंय, तुम्हाला मेसेज करते. आणि सुट्टीत फलटणला येऊन जायचा विचार आहे, सुलभाताई, तुम्ही असाल ना तेव्हा?

सुलभा_फलटण

असेन की. आधी कळव, बालभवन शाळाही बघू. आणि येताना मॅक्सीनमावशींच्या प्रबंधाचं काही वाचून ये, फलटणचे लोक कसं बोलतात यावर आहे, बाजारात उभं राहून ताडून बघता येईल.